पालिकेच्या ठरावाने झोन बदलत नाही

पालिकेची बैठक झाली की म्हापशाच्या बाजारात कुणीतरी सांगतोच, ‘नगरसेवकांनी ठराव घेतला, आता ते भाट सेटलमेंट झालं’, म्हणजे ती बागायत घरं बांधायच्या झोनमध्ये आली. नाही झालं. गोव्यात जमिनीचा झोन, म्हणजे ती कशासाठी वापरायची हे, ठरतो 1974 च्या नगर व ग्रामनियोजन कायद्याखाली, म्हणजे प्रादेशिक आराखड्यात किंवा नियोजन व विकास प्राधिकरणाच्या ओडीपीत (शहरी भागाच्या विकास आराखड्यात). 2024 साली याच कायद्यात आलेलं, झोन बदलाची वाट देणारं वादग्रस्त कलम 39अ घ्या. तिथेही बदलाचा अधिकार दिला तो मुख्य नगरनियोजकाला, नगर व ग्रामनियोजन मंडळाच्या मंजुरीने. पालिकेचा ठराव ही फार तर मागणी किंवा हरकत. हरकतीला वजन असतं, पण शिक्का दुसऱ्याचा.

झोन मिळाला तरी घर उभं राहत नाही. शेतजमिनीसाठी भूमहसूल संहितेखाली जिल्हाधिकाऱ्यांची रूपांतर सनद, म्हणजे बिगरशेती वापराची परवानगी, लागते, बांधकामाच्या आराखड्याला नियोजन खात्याची किंवा प्राधिकरणाची मंजुरी लागते. मग कुठे पालिकेचा बांधकाम परवाना आणि शेवटी भोगवटा दाखला.

याच माळेतला दुसरा मणी: ‘घरपट्टी भरतो, म्हणजे घर कायदेशीर.’ घरपट्टी हा कर आहे, परवाना नव्हे. बेकायदा बांधकामालाही ती लागू शकते. पावती जपून ठेवा, पण सनदेच्या फाईलमध्ये तिची सनद होत नाही.