सायबर दहशतवाद व पायाभूत सुविधा : खानदेश

संगणक किंवा नियंत्रणयंत्रणेत शिरकाव करून लोकांत दहशत पसरवण्याच्या अथवा देशाच्या सुरक्षेला बाधा आणण्याच्या हेतूने केलेले कृत्य म्हणजे सायबर दहशतवाद. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये २००८च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६६ एफ खाली त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. यात हेतू निर्णायक ठरतो. खात्यातून पैसे लंपास करणे हा सायबर गुन्हा असला, तरी सायबर दहशतवाद नव्हे.

खानदेशातले जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे या धोक्यापासून दूर आहेत असे मानणे चुकीचे आहे. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्रात महानिर्मिती या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीचे ५०० मेगावॅटचे दोन आणि ६६० मेगावॅटचा एक संच आहे. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सौरप्रकल्प आहे, तर धुळ्याजवळ ७६५ केव्हीचे उपकेंद्र. मुंबईहून येणारा लोहमार्ग भुसावळला नागपूर आणि इटारसीकडे फुटतो. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. तेव्हा दोन-तीन दिवस वीज नसली, तर नळाला पाणी येणार नाही, रुग्णालये जनरेटरवर येतील आणि रावेर-यावलच्या केळीबागांचे ठिबक थांबेल. त्या उन्हात केळीला पाण्याचा ताण सोसत नाही. वर्षभराचे पीक हातचे जाते.

असा हल्ला कसा होतो, हे युक्रेनमध्ये दिसले. तिथल्या वीज कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना बाधित फाइल जोडलेले ईमेल गेले. काही महिने घुसखोर आत राहून कामकाज न्याहाळत होते. २३ डिसेंबर २०१५ रोजी नियंत्रण कक्षातल्या लोकांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा माउस आपोआप फिरू लागला आणि एकेक उपकेंद्र बंद पडत गेले. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. तक्रारीचे फोन लागू नयेत म्हणून तेही बनावट कॉल करून अडवले होते. तरीही काही तासांत वीज परतली, कारण कर्मचारी उपकेंद्रांवर धावले आणि त्यांनी हाताने ब्रेकर (वीजप्रवाह जोडणारे-तोडणारे स्विच) जोडले. खानदेशासाठी याहून मोलाचा धडा नाही. उपकेंद्रे माणसांविना चालवायची असतील, तर ती हाताने चालवू शकणारी माणसे जवळपास असलीच पाहिजेत. या हल्ल्यामागे परकीय राज्यसत्ता असल्याचे मानले जाते. वीजयंत्रणांवरचे बहुतेक ज्ञात हल्ले तसेच किंवा खंडणीखोरांचे आहेत. दहशतवादी संघटनांकडे ते कौशल्य आज कमी असले, तरी ते विकत मिळू शकते.

वीज गेली की त्यामागे हल्लाच आहे का, हे ठरवणेही सोपे नसते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, तेव्हा राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताचा संशय व्यक्त केला, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक ठरवली.

धरणांचा विचार वेगळा करावा लागतो. तापीवरच्या हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत आणि खाली सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा हे बॅरेज. पावसाळ्यात विसर्ग वाढवण्याआधी नदीकाठच्या गावांना इशारा द्यावा लागतो. म्हणून दरवाजांइतकाच पाणीपातळीचा आकडाही जपायला हवा. तो खोटा दिसला, तर प्रामाणिक अभियंताही चुकीचा निर्णय घेईल. शिवाय धोका बाहेरूनच येतो असे नाही. ऑस्ट्रेलियातल्या मारूची शायरमध्ये २००० साली कंत्राटदाराकडून बाहेर पडलेल्या एका नाराज माणसाने रेडिओ यंत्रणेतून सांडपाण्याचे पंप बिघडवले आणि सुमारे आठ लाख लिटर मैला उद्याने व ओढ्यांत सोडला. तो दहशतवाद नव्हता. पण कंत्राट संपल्यावर पासवर्ड त्याच दिवशी बदलावा, हे त्यावरून शिकायचे.

देशाच्या महत्त्वाच्या माहिती-यंत्रणांच्या रक्षणासाठी २०१४ मध्ये ‘एनसीआयआयपीसी’ ही संस्था स्थापन झाली. सायबर घटना हाताळणाऱ्या ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवणे बंधनकारक आहे. हा नियम छोट्या नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागालाही माहीत असायला हवा.