जॅझ फ्यूजनमध्ये ‘मनाला येईल ते’ वाजवतात का?

“जॅझ फ्यूजन बँडला तालीम लागत नाही, मंचावर सुचेल ते वाजवतात,” असा मजकूर ग्वाल्हेरच्या मराठी ग्रुपांवर अधूनमधून फिरत असतो. असं वाटणं स्वाभाविक आहे. वादकांसमोर बहुधा स्वरलिपीचा कागद नसतो आणि तीच रचना दर वेळी वेगळी ऐकू येते.

1960च्या दशकाच्या अखेरीस जॅझमध्ये रॉकचा ठेका आणि इलेक्ट्रिक वाद्यं मिसळली, त्यातून फ्यूजन उभं राहिलं. यात मुख्य धून सहसा आधीच बांधलेली असते. मग एकेक वादक विस्तार करतो; तो भाग खरोखर उत्स्फूर्त असतो, तेवढं त्या मजकुरात बरोबर आहे. पण त्याच्याखाली कॉर्ड्सची (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांची) ठरलेली मालिका किंवा बेसचा (खर्जातल्या वाद्याचा) छोटा तुकडा फिरत राहतो. ख्याल ऐकत वाढलेल्या ग्वाल्हेरकराला हे परकं वाटू नये: बंदिश ठरलेली, ताना त्या क्षणाच्या, आणि समेवर यायचंच.

पडताळा घरीच घेता येतो. आधी 12 बारचा (बार म्हणजे मात्रांचा एक गट) साधा ब्लूज, म्हणजे जॅझच्या मुळाशी असलेला एक संगीतप्रकार, लावा आणि प्रत्येक बारच्या 4 मात्रा बोटांवर मोजा. 48 मात्रा झाल्या की कॉर्ड्स पुन्हा पहिल्या जागी येतात, वरचा वादक काहीही वाजवत असो. मग फ्यूजनची एखादी 7 मात्रांची रचना घ्या. 7 मात्रांचा रूपक ताल अंगवळणी असेल तर सोपं जाईल, विभागणी मात्र वेगळी असू शकते. तिचंच स्टुडिओतलं आणि मैफलीतलं ध्वनिमुद्रण लागोपाठ ऐका. धून ओळखीची राहते, एकल वादन बदलतं. आणि मध्येच सगळी वाद्यं एका मात्रेवर थांबून एकत्र उचलतात, ती जागा तालमीशिवाय बसत नाही.