शिक्षक-विनिमय दौरे (मुंबई)

शाळेतल्या शिक्षकाने परदेशी जावे, तिथल्या वर्गांत बसावे, जमल्यास शिकवावे आणि परतून आपला वर्ग पुन्हा हाती घ्यावा, यासाठी सरकारे व सांस्कृतिक संस्था चालवत असलेले कार्यक्रम. प्रवासी कंपन्या ‘अभ्यासदौरा’ म्हणून विकतात ती पॅकेजेस यात धरू नयेत. तिथे पैसे भरणारा प्रत्येक जण निवडला जातो.

सर्वांत परिचित नाव फुलब्राइट. सिनेटर जे. विल्यम फुलब्राइट यांच्या पुढाकाराने ही योजना १९४६ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. भारताशी करार १९५० चा. माध्यमिक शिक्षकांसाठीच्या तिच्या एका शाखेत सुमारे सहा आठवडे विद्यापीठात प्रशिक्षण आणि जवळच्या शाळेत प्रत्यक्ष काम असे स्वरूप असते. जपान सरकारची शिक्षक-प्रशिक्षण शिष्यवृत्ती दीड वर्षापर्यंतची. वयाची अट ३५ च्या आत, नोकरी किमान पाच वर्षांची, सुरुवातीला जपानी भाषा, आणि शेवटी पदवी नाही. जर्मन शिकवणाऱ्यांना काळा घोड्याचे मॅक्सम्युलर भवन (जर्मन सांस्कृतिक संस्था) हे ओळखीचे दार आहे.

मुंबईत निवडीइतकीच जिकिरीची बाब म्हणजे रजा. अनुदानित शाळेतला अर्ज मुख्याध्यापक आणि संस्थेच्या सह्या घेऊन शिक्षण निरीक्षकांकडे जातो, पालिकेच्या शाळेतला पालिकेच्या शिक्षण विभागाकडे. ‘ना हरकत’ हाती येईपर्यंत व्हिसाची मुलाखत तोंडावर आलेली असते. शिवाय वेळापत्रके जुळत नाहीत. अमेरिकेतल्या शाळा शरद ऋतूत रंगात येतात तेव्हा इथे सहामाही परीक्षा. तिकडे वसंत सत्र सुरू असते तेव्हा इथे दहावीची बोर्डाची परीक्षा. दहावीच्या गणिताच्या बाई फेब्रुवारीत नाहीत, हे कोणत्या पालकसभेला पटेल? त्यांचे तास स्टाफरूममधलेच कोणीतरी उचलते, बहुधा कुरकुरत. सोलापूर जिल्ह्यातील रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला होता, तरी पुढे फुलब्राइटसाठीच्या रजेवरून वाद झालाच.

अर्ज आणि मुलाखती बहुतेक इंग्रजीतून असल्याने मराठी, उर्दू किंवा हिंदी माध्यमाचा शिक्षक मागे पडतो. त्याचे वर्गातले काम कमी कसाचे असते असे नाही. त्यावर इंग्रजीत पानभर लिहायची सवय नसते, इतकेच. कार्यक्रमांची ही उणीव खरी मानावी लागते.

उलट दिशेच्या वाहतुकीबद्दल कमी बोलले जाते. मुंबईत येणाऱ्या परदेशी शिक्षकांना बहुधा नामांकित खाजगी शाळा दाखवतात. पालिकेच्या शाळा मात्र मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांच्या. एकाच इमारतीत खाली मराठी, वर उर्दू, सकाळ-दुपारची वेगळी अधिवेशने आणि जिन्यात एकमेकांना वाट देणारी दोन शाळांची मुले, हे पाहुण्यांना सहसा दाखवले जात नाही.