ओ'कॉनरने मजुरांचे पैसे खाल्ले नव्हते

इंग्लंडमधल्या वूस्टरशायरमध्ये ग्रेट डॉडफर्ड गावात 'रोझडीन' नावाचं एक बैठं घर आहे. एका ओळीत तीन खोल्या, मधोमध दार, भोवती चार एकरांच्या आसपास जमीन. आज ते नॅशनल ट्रस्टकडे आहे. 1849 मध्ये वसलेलं हे गाव म्हणजे चार्टिस्टांच्या, म्हणजे कामगारांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या ब्रिटिश चळवळीच्या, जमीन योजनेतली शेवटची वसाहत. या योजनेसाठी एक कंपनी काढली होती; कामगार तिचे भाग घेत आणि त्यातल्या काहींना घर आणि शेतजमीन मिळे.

या योजनेचं नाव निघालं की एक गोष्ट हमखास ऐकवली जाते : चार्टिस्ट नेता फर्गस ओ'कॉनरने गिरणी कामगारांची पै-पै गोळा केली आणि ती स्वतःच्या खिशात घातली. हे खरं नाही.

1848 मध्ये संसदेच्या समितीने कंपनीचे हिशेब तपासले. वह्या नीट ठेवलेल्या नव्हत्या, योजना कायद्याच्या चौकटीत बसत नव्हती, हे दोन्ही दोष समितीने स्पष्ट नोंदवले. पण अफरातफर सापडली नाही. उलट कंपनीच ओ'कॉनरचं 3,000 पौंडांहून अधिक देणं लागत होती! बदनामी करणारे नेमकं हेच गाळतात.

योजना फसली ती गणितात. भागधारक सुमारे 70,000 आणि जमीन मिळाली जेमतेम 250 कुटुंबांना. शिवाय दोन ते चार एकरांवर, तेही शेतीची सवय नसलेल्या विणकराने, घर चालवायचं कसं? 1851 मध्ये कायदा करून कंपनी गुंडाळली गेली. डॉडफर्डकर मात्र तगले. त्यांनी बटाटे सोडून स्ट्रॉबेरी लावली, आणि गाव पुढे त्याच फळासाठी ओळखलं जाऊ लागलं.