दौंड : एक गाव, दोन स्टेशनं

पुण्याहून नगर-मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं तिकीट काढताना हल्ली यादीत दोन दौंड दिसतात. एक नुसतं दौंड आणि दुसरं दौंड कॉर्ड लाइन. ही दोन नावं कशी झाली हे समजायचं तर आधी दौंडला गाडी उलटी का व्हायची, ते पाहावं लागतं.

पुण्याच्या पुढे सोलापूरच्या दिशेने रूळ पडले ते 1859 मध्ये. भोर घाट तेव्हा अजून फुटायचा होता. घाटातली गाडी 1863 ला सुरू झाली, म्हणजे पुणे-दौंड रस्त्यावर गाड्या धावत होत्या त्या काळात मुंबईहून येणारा प्रवासी घाट पालखीत किंवा तट्टावर बसून चढत होता. त्या वेळचं दौंड म्हणजे भीमाकाठचं एक साधं ठाणं. त्याचं जंक्शन झालं 1878 मध्ये, मनमाडचा फाटा निघाला तेव्हा. मुंबईहून निघणारे दोन मोठे लोहमार्ग, एक भोर घाटातून दक्षिणेकडे जाणारा आणि दुसरा थळ घाटातून उत्तरेकडे जाणारा, या फाट्याने घाटमाथ्यावरच एकमेकांना जोडले गेले. दक्षिणेतला माल उत्तरेत न्यायला दोन घाट उतरायची-चढायची गरज राहिली नाही. या मार्गाच्या मातीकामावर त्या वेळच्या दुष्काळात सापडलेली माणसं राबली, हे नगर जिल्ह्यातल्या जुन्या घरांतून आजही ऐकायला मिळतं.

आता फाट्याचं तोंड कुठल्या बाजूला ठेवलं ते बघा. मनमाडचा रूळ दौंड स्टेशनच्या पश्चिम टोकाला, म्हणजे पुण्याच्या बाजूला निघतो. सोलापूरहून मनमाडला जाणारी गाडी सरळ निघून जाते. कर्नाटक एक्सप्रेस अशीच जाते, तिला दौंडला काही करावं लागत नाही. पुण्याहून मनमाडला जाणाऱ्या गाडीला मात्र दौंडमध्ये शिरून आल्या वाटेने मागे फिरल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मार्ग आखला गेला तो दक्षिण-उत्तर मालवाहतुकीच्या सोयीने. पुण्याचा प्रवासी त्या हिशेबात नव्हता, आणि त्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी रोज अर्धा-अर्धा तास मोजली.

झेलम, महाराष्ट्र, गोवा, आझाद हिंद, ज्यांनी या गाड्यांतून प्रवास केला त्यांना तो अर्धा तास पाठ आहे. गाडी थांबायची, इंजिन सुटायचं, शेजारच्या रुळावरून डब्यांना वळसा घालून दुसऱ्या टोकाला जायचं. कपलिंग लागताना सगळ्या गाडीला एक हिसका बसायचा आणि वरच्या बर्थवर झोपलेलं पोर रडत उठायचं. मग ब्रेकची चाचणी. तोवर अर्धी गाडी फलाटावर उतरलेली, चहावाल्यांभोवती गर्दी, नळावर बाटल्यांची रांग. गाडी सुटली की नवखा माणूस हमखास दचकायचा, कारण मघाशी मागे टाकलेले सिग्नल आणि शेतं पुन्हा समोर यायची. ‘अहो, ही परत पुण्याला चालली की काय?’ हा प्रश्न मी लहानपणापासून कितीतरी वेळा ऐकला आहे. शेजारचा माणूस समजुतीने सांगायचा, ‘घाबरू नका, आता वळेल.’ गाडी उजवीकडे वळायची, भीमेचा पूल यायचा, आणि दौंडपर्यंत गाडीच्या दिशेने तोंड करून बसलेले सगळे पुढचा प्रवास पाठमोरे करायचे.

2020 च्या आसपास हा वळसा सुटला. पाटस आणि काष्टी यांच्या मध्ये, दौंडला न शिरता मनमाडच्या रुळाला मिळणारा छोटा जोडमार्ग प्रवासी गाड्यांसाठी वापरात आला आणि त्यावर एक नवं स्टेशन झालं. त्याचंच नाव दौंड कॉर्ड लाइन.

या शब्दावर थोडं थांबायला हवं, कारण गैरसमजाचं मूळ तिथंच आहे. कॉर्ड म्हटलं की आपल्याला दोरी किंवा वायर आठवते. रेल्वेच्या भाषेतला कॉर्ड भूमितीतला आहे. वर्तुळावरचे दोन बिंदू सरळ जोडणारी रेघ, म्हणजे शाळेत आपण शिकलो ती जीवा. दोन मार्ग जंक्शनला वळसा घेऊन मिळत असतील, तर तो वळसा टाळून त्यांना थेट जोडणारा तुकडा म्हणजे कॉर्ड. इंग्रजीत या दोन शब्दांची स्पेलिंग वेगळी आहेत, पण कागदोपत्री ती एकमेकांच्या जागी सर्रास पडतात, आणि मराठीत तर दोन्ही एकसारखेच लिहिले जातात. परिणामी ‘कॉर्ड लाइन’ हे प्रवाशाच्या कानाला एखाद्या फलाटाचं किंवा यार्डातल्या रुळाचं नाव वाटतं. ते गावाबाहेरचं वेगळं स्टेशन आहे हे त्या नावातून कुठेच कळत नाही. म्हणून आजही कोणीतरी जंक्शनवर झेलमची वाट पाहत बसतो, आणि कोणी रात्री कॉर्डवर उतरून ‘दौंड कुठंय?’ विचारतो. जोडमार्गाला यंत्रणेच्या कामापुरतं हे नाव ठीक होतं. प्रवासी चढता-उतरायचं ठिकाण झाल्यावर त्याला एखादं गावचं नाव द्यायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

निर्णय चुकीचा होता का? लांबच्या प्रवाशाला विचाराल तर मुळीच नाही. अर्धा तास वाचला, जंक्शनचे फलाट मोकळे झाले, मालगाड्यांची कोंडी कमी झाली. दौंडकराला विचाराल तर तो दुसरी बाजू सांगतो. पूर्वी जी गाडी गावात येऊन निवांत उभी राहायची, तिच्यासाठी आता अवेळी रिक्षा शोधत गावाबाहेर जावं लागतं, आणि रिक्षाचे पैसे कधी कधी तिकिटापेक्षा जास्त होतात. सिद्धटेकच्या गणपतीला जाणारी म्हातारी माणसं दौंडलाच उतरतात. रात्रीच्या गाडीने कॉर्डवर उतरणं त्यांना जड जातं. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, पण चर्चा होते ती वाचलेल्या मिनिटांचीच.

दौंडचा दुसरा जुना झगडा लोकलचा. पुणे-लोणावळा लोकल 1978 पासून धावते. दौंडच्या बाजूला मात्र पॅसेंजर आणि शटलवरच भागवलं गेलं. पुणे-दौंड अंतर साधारण 75 किलोमीटर. मांजरी, लोणी, उरुळी, यवत, केडगाव, पाटस इथून पहाटे डबे घेऊन निघणारी माणसं हडपसर आणि पुण्याच्या कामावर या मार्गानेच येतात. 2017 मध्ये विजेच्या तारा आल्या तेव्हा आता लोकल येणार अशी सगळ्यांची समजूत झाली. आली ती डेमू, म्हणजे तारांखालून धावणारी डिझेलवरची गाडी. मधल्या स्टेशनांचे फलाट लोकलच्या उंचीचे नाहीत, हे कारण दिलं गेलं. फलाट उंच करणं हे काही घाट फोडण्याएवढं काम नाही. या मार्गाला ‘उपनगरी’ दर्जा द्या, ही प्रवासी संघटनांची मागणी तेव्हापासूनची. दर्जा हा कागदावरचा शब्द, पण फेऱ्या किती आणि कधी, हे त्यावरच ठरत जातं.

कारभाराच्या दृष्टीनेही दौंड बराच काळ दोन घरचा पाहुणा होतं. जिल्हा पुणे, माणसं पुण्याला कामाला, आणि स्टेशन सोलापूर विभागात. ते पुणे विभागात आलं अगदी अलीकडे, 2024 मध्ये.

आजचं चित्र असं. सोलापूरकडे जाणाऱ्या हुतात्मा, सिद्धेश्वर, उद्यान या गाड्या जंक्शनला थांबतात. कर्नाटकही जंक्शनलाच. बारामतीचा फाटाही इथूनच निघतो. ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झालेली पुणे-नागपूर वंदे भारत दौंडचा थांबा घेते तो कॉर्डवर. मनमाडकडची कुठलीही गाडी पकडायची असेल तर तिकिटावर स्टेशनचं पूर्ण नाव वाचूनच घरातून निघा, आणि रात्रीची असेल तर रिक्षा संध्याकाळीच सांगून ठेवा.