पुणं कुठून कुठं जातं, हे मोजायचं कसं?

नवा उड्डाणपूल किंवा मेट्रोचा मार्ग जाहीर होतो, तेव्हा त्याच्या अहवालात एक आकडा असतो: अमुक साली गर्दीच्या तासाला या मार्गावर इतके प्रवासी असतील. पूल किती पदरी बांधायचा, मेट्रोला किती डबे लावायचे, हे त्या आकड्यावर ठरतं. आपल्याकडं चर्चा खर्चाची होते, झाडांची होते, खोदलेल्या रस्त्याची होते. आकडा कुठून आला हे क्वचितच कुणी विचारतं. त्याचं मूळ असतं काही हजार घरांतल्या माणसांनी एका दिवसात केलेल्या प्रवासात.

शहर आणि भोवतालची गावं मिळून नकाशावर शेकडो झोन पाडतात. प्रत्येक झोनमधून थोडी घरं निवडतात, बहुतेक वेळा शंभरातलं एखाद-दुसरंच. मग सर्वेक्षक दारात येतो आणि घरातल्या प्रत्येकाचा कालचा दिवस लिहून घेतो: कुठून निघालात, कुठं गेलात, कशासाठी, कशानं, किती वेळ लागला.

खरी मेख इथं आहे. सकाळी अकराला दार उघडणारी बाई नवऱ्याची हिंजवडीची फेरी नीट सांगते, मुलाची कॉलेजची फेरी सांगते. “आणि तुम्ही?” “मी कुठं नाही गेले, घरीच होते.” मुरलेला सर्वेक्षक तिथं थांबत नाही. मुलीला स्कूल व्हॅनपर्यंत कोण सोडतं? भाजी कुणी आणली? मग एकेक निघतं. सकाळी व्हॅनपर्यंत जाऊन आल्या, येताना भाजी घेतली, संध्याकाळी सासऱ्यांना दवाखान्यात नेलं, परतताना औषधं घेतली. घाईतला सर्वेक्षक मात्र पहिल्याच उत्तराला शून्य लिहून वरच्या मजल्यावर जातो. शंभरात एक घर निवडलं असेल, तर त्या एका घराची माहिती शंभर घरांची म्हणून धरली जाते. म्हणजे ते शून्यही शंभर घरांचं होतं.

जनगणनेतूनही ही उणीव भरून निघत नाही. २०११ च्या जनगणनेत प्रवासाचं अंतर आणि साधन विचारलं होतं, पण फक्त कामावर जाण्याचं, आणि तेही शेती व घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांना. दवाखाना, बाजार, माहेर यांना त्या रकान्यात जागा नव्हती.

कोणता दिवस मोजायचा हाही साधा प्रश्न नाही. पालखी आणि गणपतीचे दिवस टाळायचे, हे पुण्यात कुणालाही सांगावं लागत नाही. जगभर मंगळवार ते गुरुवार हे ‘नेहमीचे’ दिवस मानतात. पण पिंपरी-चिंचवड, भोसरीच्या एमआयडीसीला साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. पुस्तकातला नियम जसाच्या तसा उचलला, तर कारखाने बंद असलेला दिवस नेहमीचा म्हणून नोंदला जाईल.

घरोघरची माहिती खरी आहे का, हे पडताळायला पुण्याला नदी फार उपयोगी पडते. मुठेच्या पलीकडं जायचं तर पुलावरूनच जावं लागतं. राजाराम पूल, म्हात्रे पूल, लकडी पूल, दुचाक्यांचा झेड ब्रिज, खडकवासल्यातून पाणी सोडलं की बुडणारा भिडे पूल, शिवाजी पूल अशा सगळ्या पुलांवर एकाच दिवशी माणसं बसवून किंवा कॅमेरे लावून मोजणी करायची. सर्वेक्षणातून नदी ओलांडणाऱ्या जितक्या फेऱ्या निघतात, तितक्या पुलांवर दिसायला हव्यात. पुलांवर जास्त दिसल्या, तर घरी सांगताना सुटलेल्या फेऱ्या तेवढ्या प्रमाणात वाढवून घेतात.

पण या मोजणीत साधारणपणे वाहनंच मोजतात. प्रत्येक वाहनाला रस्ता व्यापण्याच्या हिशेबानं कारच्या तुलनेत एक वजन दिलेलं असतं. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या १९९० च्या शहरी रस्त्यांच्या मार्गदर्शिकेत दुचाकीला ०.५ ते ०.७५ आणि बसला २.२ ते ३.७ असं वजन आहे. दोन माणसांची कार १, साठ माणसांची बस फार तर ३.७, आणि पायी चालणाऱ्याला या हिशेबात वजनच नाही. त्यामुळं दुचाकीवरची विसरलेली फेरी पुलावर सापडते, भाजी आणायला गेलेल्या बाईची सापडत नाही. २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात वाहनांपेक्षा माणसांची ने-आण महत्त्वाची मानली आहे, आणि मोजणी मात्र अजून वाहनांची चालते. मला ही गोष्ट मनापासून खटकते.

हा सगळा डेटा मग प्रवासाचा अंदाज काढणाऱ्या चार पायऱ्यांच्या प्रारूपात (मॉडेलमध्ये) जातो. ही पद्धत अमेरिकेत १९५० च्या दशकात डेट्रॉइट आणि शिकागोच्या अभ्यासांतून घडली. पहिल्या पायरीला प्रत्येक झोनमधून किती फेऱ्या निघतील हे काढतात. दुसऱ्या पायरीला त्या कुठं जातील हे ठरतं. त्याचं सूत्र न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणासारखं आहे: जिथं नोकऱ्या जास्त तिकडं ओढ जास्त, आणि अंतर वाढलं की ओढ कमी. एकाच झोनमध्ये सुरू होऊन तिथंच संपणारी फेरी इथं जवळजवळ गळून पडते, कारण पुढं ती कुठल्याच रस्त्यावर टाकली जात नाही. आधीच कमी नोंदलेला पायी प्रवास इथं दुसऱ्यांदा नाहीसा होतो.

तिसरी पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते: माणूस कशानं जाईल? भाडं, बसमधला वेळ, थांब्यावरचा वेळ यांच्या हिशेबानं प्रत्येक साधनाची शक्यता काढतात. सॅन फ्रान्सिस्कोजवळची बार्ट रेल्वे १९७२ मध्ये सुरू होण्याआधी अर्थशास्त्रज्ञ डॅनियल मॅकफॅडन यांच्या गटानं हे करून दाखवलं. १५ टक्के प्रवासी बार्टनं जातील असा अधिकृत अंदाज होता, त्यांचा ६.३ टक्के, आणि प्रत्यक्षात आले ६.२ टक्के. पुढं २००० मध्ये मॅकफॅडन यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

अशा अभ्यासांत एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसली आहे. थांब्यावर ताटकळण्याचं मिनिट माणसाला बसमधल्या मिनिटाच्या साधारण दुप्पट जड जातं. पीएमपीची बस दर २० मिनिटांनी असेल, तर सरासरी १० मिनिटं थांबावं लागतं, आणि मनाला ती २० वाटतात. तीच बस दर १० मिनिटांनी सोडली, तर मनातली १० मिनिटं वाचतात. रस्ता एक फूटही रुंद करावा लागत नाही.

चौथ्या पायरीत फेऱ्या रस्त्यांवर टाकतात. रस्ता भरत गेला की वेळ कसा वाढतो, याचं एक जुनं अमेरिकन सूत्र आजही वापरात आहे. मोकळ्या रस्त्यावर १० मिनिटांचं अंतर रस्ता क्षमतेइतका भरला की ११.५ मिनिटांचं होतं, आणि क्षमतेच्या दीडपट वाहनं आली की १७.६ मिनिटांचं. वेळ चौथ्या घातानं वाढतो, म्हणून शेवटची थोडी वाहनंच सगळ्यांचा जीव काढतात. पुण्यातला मिसळलेला रहदारीचा लोंढा या सूत्रात नीट बसत नाही, त्यामुळं त्यातले आकडे इथल्या मोजणीवरून बदलून घ्यावे लागतात.

आता मोबाइल आणि तिकिटांचा डेटा आला आहे, तो भरपूर आहे आणि रोजचा आहे. पण तिकीट काढणाऱ्याचा टप्पा यंत्रात नोंदतो, नुसता पास दाखवून बसणाऱ्याचं तिकीट फाटत नाही. मेट्रोच्या फाटकाला प्रवासी कुठं चढला आणि कुठं उतरला हे कळतं, तो स्थानकापर्यंत शेअर रिक्षानं आला की चालत, हे कळत नाही. मोबाइल टॉवरच्या नोंदीत वाकड ते हडपसर हा प्रवास ठळक दिसतो, वस्तीतून समोरच्या सोसायटीत घरकामाला जाणाऱ्या मावशी जागच्या हलल्याच नाहीत असं दिसतं. म्हणून दारात जाणारा सर्वेक्षक अजूनही लागतोच. त्यानं घरातल्या प्रत्येक बाईला, आजोबांना, शाळकरी मुलाला स्वतः विचारलं पाहिजे. एकाच्या तोंडून सगळ्यांचं लिहून चालणार नाही. झोनही पेठेपेक्षा लहान पाडले पाहिजेत. २०१७ आणि २०२१ मध्ये ३४ गावं महापालिकेत आली. तिथं तर एका गावाचा एकच झोन धरला, तर आतलं काहीच दिसणार नाही.

आणि सर्वेक्षणाच्या अर्जात एक प्रश्न वाढवावा असं मला फार वाटतं: गेल्या आठवड्यात जायचं होतं पण जाता आलं नाही, असं काही ठिकाण होतं का, आणि का नाही जमलं? शेवटची बस लवकर जाते म्हणून सोडलेली दुसऱ्या पाळीची नोकरी, फूटपाथ नाही म्हणून आजींनी बंद केलेलं देवळात जाणं कुठल्याच पुलावर मोजता येत नाही. चार पायऱ्यांच्या हिशेबात ही उत्तरं बसणार नाहीत. त्यांचा झोनवार वेगळा तक्ता करावा, आणि पीएमपीचं वेळापत्रक ठरवणाऱ्यांच्या टेबलावर तो प्रवासी अंदाजांच्या तक्त्याशेजारी ठेवावा.