कादंबरीतला हिवताप आणि वैद्याचा बटवा

गेल्या पावसाळ्यात एका मैत्रिणीने कादंबरीचं हस्तलिखित वाचायला दिलं. पेशवाईचा काळ, सातपुड्याच्या पायथ्याशी मुक्काम पडलेली फौज आणि नायक, एक तरुण शिलेदार, थंडीतापाने फणफणलेला. वैद्य येतो, गुळवेल आणि काडेचिराइताचा काढा देतो, तिसऱ्या दिवशी नायक घोड्यावर स्वार. प्रसंग छान रंगलाय, पण मी तिथेच अडखळले. हिवताप असा उतरतो का? आणि त्या काळी, त्या रानात, वैद्याच्या बटव्यात नेमकं काय असणार?

हा ताप आपल्याकडे फार जुना. चरकसंहितेत तो विषमज्वर म्हणून येतो, आणि पाळीवरून त्याचे प्रकार पाडलेत: रोज येणारा अन्येद्युष्क, एक दिवस आड येणारा तृतीयक, दोन दिवस टाकून येणारा चतुर्थक. परजीवी ठाऊक नव्हता, पण त्याचं वेळापत्रक अचूक टिपलं होतं. हिवतापाच्या व्हायवॅक्स जातीचे परजीवी साधारण दर ४८ तासांनी आणि मलेरिई जातीचे दर ७२ तासांनी रक्तातल्या तांबड्या पेशी फोडून बाहेर पडतात, ताप तेव्हाच चढतो. आधी तासभर हुडहुडी: अंगावर चार गोधड्या टाकल्या तरी दात वाजायचे थांबत नाहीत. मग अंग तव्यासारखं तापतं, डोकं ठणकतं, पाणीसुद्धा पोटात ठरत नाही. शेवटी घाम फुटतो, अंथरूण चिंब होतं आणि माणूस गाढ झोपतो. दुसऱ्या दिवशी उठून भाकरी मागतो.

त्या भाकरीच्या दिवसाचं श्रेय काढ्याला मिळायचं. वैद्य खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच गुण आलेला दिसायचा. पुढची पाळी आली की काढा पुन्हा, आणि काही आठवड्यांनी व्हायवॅक्सचा ताप पुष्कळदा आपसूकच थांबायचा. फक्त तो संपलेला नसायचा. परजीवी यकृतात दबा धरून बसायचे आणि काही महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढायचे. वारंवार ताप आलेल्यांची पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढून पोट पुढे यायचं. फाल्सिपॅरम जातीचा ताप मात्र वेगळा. तो मेंदूत शिरला की ग्लानी, झटके, आणि बरेचदा मृत्यू. तिथे गुळवेल काय करणार!

आपल्याकडे या तापावर सातवीणीची साल उकळून देत, सागरगोट्याचा गर मिऱ्याबरोबर कुटून देत. ज्या सागरगोट्यांनी मुली अंगणात खेळायच्या, तेच. इंग्रज डॉक्टरांनाही या दोन्हींत रस होता, कारण त्यांना हिवताप उतरवणाऱ्या सिंकोनाच्या सालीला स्वस्त पर्याय हवा होता. पण सातवीण कडूपणात सिंकोनाशी बरोबरी करते, कामात नाही.

सिंकोना ही दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातली झाडं. सतराव्या शतकात जेझुइट धर्मप्रसारकांनी आजच्या इक्वेडोरमधल्या लोहा परिसरातली त्यांची साल युरोपात नेली. पेरूच्या व्हाइसरॉयची पत्नी, चिंचोनची काउंटेस, या सालीने बरी झाली ही कथा पुढे इतकी पसरली की वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७४२ साली झाडाचं नाव तिच्यावरून ठेवलं, तेही स्पेलिंग चुकवून. कथा बनावट निघाली, साल मात्र खरी होती. १६९३ साली चीनचा सम्राट कांगशी हिवतापाने आजारी पडला, तेव्हा जेझुइटांनी दिलेल्या याच सालीने तो उठला. म्हणजे ‘नैसर्गिक उपायाने गंभीर आजार बरा’ हे कादंबरीत अशक्य नाही. पण ती साल पात्राच्या हाती कशी पोचली हे लेखकाला दाखवावं लागतं.

आणि किती साल द्यायची? सालीतलं गुणकारी द्रव्य म्हणजे क्विनीन; ते एका झाडात भरपूर, दुसऱ्यात नावापुरतं, त्यामुळे मात्रा म्हणजे अंदाजच. १८२० साली पॅरिसमध्ये पेलेतिए आणि काव्हाँतू यांनी सालीतून क्विनीन वेगळं काढलं, तेव्हा कुठे ते तोलून देता येऊ लागलं. मग झाडांचीच पळवापळव सुरू झाली. १८६० साली क्लेमेंट्स मार्कम या इंग्रजाने रोपं निलगिरीत आणली, दार्जिलिंगजवळ मंगपूला लागवड झाली. महाबळेश्वरला लिंगमळ्यातही लावून पाहिली, ती तगली नाहीत. सर्वांत कसदार बी बोलिव्हियातल्या मान्युएल इंक्रा ममानीने गोळा केलं. चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्यामार्फत त्यातलं काही १८६५ साली डचांनी घेतलं आणि त्यांच्या ताब्यातलं जावा बेट क्विनीनचं कोठार झालं. ममानीला मात्र या बियांपायी तुरुंगात मारहाण झाली आणि त्यातच तो गेला. झाडाच्या जातीला नाव लागलं लेजरचं. हे वाचताना मला प्रत्येक वेळी चीड येते.

१८९२ पासून बंगालमध्ये पोस्टात पैशाला एक क्विनीनची पुडी मिळू लागली. मराठीत तिचं कोयनेल झालं. त्या काळातलं पात्र असेल तर पुडी जिभेवर पडताच तोंड वेडंवाकडं होणं, कानात गुणगुण, मळमळ, हे सगळं लिहिता येतं.

काढ्याच्या बाबतीत सर्वांत बोलकी गोष्ट चीनमधली. चौथ्या शतकात गे होंग नावाच्या वैद्याने हिवतापासाठी लिहून ठेवलं होतं की मूठभर छिंगहाव वनस्पती पाण्यात भिजवा, पिळा आणि रस प्या. हिवतापावर औषध शोधण्यासाठी १९६७ साली सुरू झालेल्या सरकारी मोहिमेत तू योयो या शास्त्रज्ञ बाईंच्या हाती हाच उल्लेख लागला. त्यांचे अर्क तोवर कधी लागू पडत, कधी नाही. गे होंग पिळायला सांगतो, उकळायला नाही, हे त्यांनी हेरलं आणि १९७१ साली कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला. उंदरांच्या रक्तातले परजीवी नाहीसे झाले. त्यातून आर्टेमिसिनिन हे औषध मिळालं, २०१५ साली तू योयोंना नोबेलही. तरी त्या वनस्पतीचा चहा पिऊन हिवताप बरा करण्याला जागतिक आरोग्य संघटनेचा पाठिंबा नाही, कारण मात्रेचा भरवसा नसतो.

मैत्रिणीने प्रकरण पुन्हा लिहिलं. काढा तोच ठेवला, वैद्यही तोच. शिलेदार तिसऱ्या दिवशी घोड्यावर बसतो, वैद्याच्या पाया पडतो, निघतो. नर्मदा ओलांडताना दुपारी त्याला पुन्हा हुडहुडी भरते, आणि तो काही न बोलता घोंगडी गळ्यापर्यंत ओढून घेतो.